मदत हवी आहे: पुढे ३२ मिमी स्पेसर टाकल्यापासून सीव्ही बूटमधून ग्रीस येतंय

बांधावरची_गाडी
फोर बाय फोर पिकअप, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वरचा अप्पर आणि खालचा लोअर आर्म), मागे पाटे. गाडी पुढून उचलायला शॉकअपच्या वरच्या प्लेटवर ३२ मिमीचे ॲल्युमिनियम स्पेसर (जाड चकत्या) बसवून ११०० किमी झाले. रोज नाशिक–दिंडोरी आणि आत द्राक्षबागांचे शिवाररस्ते.

डाव्या चाकाकडच्या बाहेरच्या बूटच्या (शाफ्टच्या सीव्ही जॉइंटवरचं रबरी आवरण) अरुंद टोकाला ग्रीस ओलावलंय, रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे. वळताना टकटक नाही, पण फोर-हायमध्ये (चारही चाकांना ताकद) चढाला जोर दिला की ताशी ४०च्या आसपास पुढून थरथर येते. फिटर म्हणतो डिफ ड्रॉप (पुढचा डिफरन्शियल खाली घेणारं किट) टाका, मिटेल. मिटेल का? आणि तोवर टू-हायमध्येच (फक्त मागच्या चाकांना ताकद) चालवली तर शाफ्ट वाचतील का?

पाना_एकोणीस
३२ मिमीचा स्पेसर म्हणजे ३२ मिमी उचल नव्हे. शॉकअप लोअर आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, त्यामुळे चाकाशी फरक पावणेदोन ते दोन पट पडतो. सपाट जागेवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजा. आधीचं माप नसेल तर त्याच मॉडेलच्या न छेडलेल्या गाडीचं घ्या.

समजा ५८ मिमी वाढ निघाली आणि शाफ्ट जॉइंट ते जॉइंट ४५० मिमी आहे. म्हणजे सरळ रस्त्यावर उभ्या गाडीतही शाफ्ट ७ अंशांहून जास्त कललेला. आतला, डिफकडचा ट्रायपॉड जॉइंट कोन वाढला की जोराखाली थरथरतो. तुमची चढावरची थरथर बहुतेक तीच. बाहेरच्या जॉइंटला हा कोन अधिक स्टिअरिंगचा कोन, दोन्ही एकदम सोसावे लागतात. बूटच्या घड्या एका बाजूने चेपून एकमेकींवर घासतात. त्यात आपली काळी माती वाळून बसली की पॉलिश पेपरच झाला.

खरी अडचण चाक लटकतं तेव्हाची. वरच्या प्लेटचा स्पेसर अख्खा शॉकअपच खाली सरकवतो, म्हणून चाक कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जातं. चेसिस जॅक स्टँडवर घ्या, दोन्ही चाकं लटकू द्या, गिअर न्यूट्रल, ट्रान्स्फर टू-हायमध्ये. चाक हाताने फिरवत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या, आणि टॉर्च मारून तीन गोष्टी बघा: बूटच्या घड्या एकमेकींना टेकतात का, अप्पर आर्म स्प्रिंगला लागतो का, अप्पर बॉल जॉइंट अडतो का. चाक फिरताना एका जागी जड लागलं तर जॉइंट आत अडकतोय. तसं असेल तर स्पेसर काढा, त्यावर चर्चा नको.

टू-हायचं म्हणाल तर, पुढे फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवणारे) नसतील तर चाकाबरोबर शाफ्ट फिरतातच. ताकद जात नाही म्हणून जॉइंट तुटायचा धोका कमी होतो, बूट मात्र तेवढाच घासतो.

बांधावरची_गाडी
मोजलं. डावीकडे ५६, उजवीकडे ५९. लटकवल्यावर डावीकडे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवलं की घड्या टेकतात. आर्म आणि स्प्रिंगमध्ये जेमतेम करंगळी जाते.

गिअरतेल
आता डिफ ड्रॉप. बहुतेक किटमध्ये डिफचे फक्त पुढचे माउंट खाली येतात, मागचा जागेवरच राहतो. म्हणजे डिफ उतरत नाही, नाक खाली करून तिरकं होतं. २५ मिमीचे तुकडे टाकले तरी शाफ्टचं तोंड २५ मिमी खाली येत नाही. पूर्ण २५ आलं असं धरलं तरी कोन तीनेक अंशच घटतो. थरथर कमी होईल, पण लटकतानाची मर्यादा तशीच राहील आणि बॉल जॉइंटला काडीचाही फायदा नाही. शिवाय स्किड प्लेट खाली सरकवावी लागते, ब्रीदर पाइप ताणला जात नाही ना ते बघावं लागतं.

स्प्रिंगच्या आत बसणारा स्पेसर घातला तर लटकायची मर्यादा मूळचीच राहते, पण खाली जायला चाल उरत नाही, प्रत्येक खड्ड्यात शॉकअप वर ‘टक’ करून आदळतो. आणि त्यासाठी दाबलेली स्प्रिंग उघडावी लागते. कॉम्प्रेसर नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

जुनी_जिप्सी
थोडं अवांतर. जिप्सीला, जिम्नीला पुढे अखंड एक्सल आहे, शाफ्ट नळीच्या आत. तिथे उचलली तरी शाफ्टचा कोन बदलत नाही, त्रास प्रॉपेलर शाफ्ट आणि कॅस्टरला (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) होतो. तिथला अनुभव ऐकून कुणी ‘दोन इंच आरामात चालतं’ म्हणालं तर तो सल्ला या गाडीला लागू नाही.

भाऊ, एक विचारतो. बागेत नेमकं घासतं काय?

बांधावरची_गाडी
मागचा डिफचा गोळा. चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला.

जुनी_जिप्सी
मग स्पेसरचा उपयोगच नाही! गोळा एक्सलवर, एक्सल चाकांवर. बॉडी कितीही उचला, गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो. तिथे फक्त टायरचा व्यास कामाला येतो, तोही निम्म्याने: ३० मिमी मोठं टायर, १५ मिमी फायदा.

पाना_एकोणीस
स्पेसर काढा. तेव्हा लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळू नका. गाडी जमिनीवर, वजन चाकांवर, मगच टॉर्क पाना. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतो. स्पेसर बसवताना ही चूक हमखास झालेली असते, म्हणून बोल्ट एकदा सैल करून मगच आवळा.

बूट फाटला नसेल तर पुसून क्लॅम्प बदला. फाटला असेल तर जॉइंट पूर्ण धुवा, खळ्यांत बोटाला चरा लागतो का बघा. चरा नसेल तर नवा बूट आणि मॉलिब्डेनमवालं सीव्ही ग्रीस, किटमधली पुडी पूर्ण. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, तार किंवा झिप टाय तर नकोच. क्लॅम्प आवळण्याआधी अरुंद टोकाखाली बोथट स्क्रू-ड्रायव्हर घालून अडकलेली हवा सोडा.

शेवटी अलाइनमेंट: आधी कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), मग टो (चाकांची तोंडं आत की बाहेर). हेडलाइटही परत वर घ्या, ५६ मिमीसाठी कुणीतरी खाली केले असतील तर.

बांधावरची_गाडी
हेडलाइटला कुणी हात लावलेला नाही.

पाना_एकोणीस
म्हणजे ११०० किमी समोरच्याच्या डोळ्यांत. स्पेसर काढले की आपोआप जागेवर येतील, तरी भिंतीवर एकदा तपासा.