माघी मेळावा, आंजर्ले: फॉर्ममधला चौथा रकाना (तातडीचं)

प्रेषक: सचिव

मंडळी,

आंजर्ल्याच्या घरमालकांना आगाऊ रक्कम शुक्रवारी पोचवायची आहे आणि हिशेब जुळत नाहीये, म्हणून सगळ्यांना लिहितेय. ४३ फॉर्म आले. चौथ्या रकान्यात, म्हणजे 'सध्याचा व्यवसाय'मध्ये, १९ जणांनी 'सल्लागार' लिहिलंय. 'सध्या काम नाही' यावर एकाचीही खूण नाही, आणि वर्गणीतली सवलत फक्त त्या खुणेवर आहे. या १९ मधल्या पाच जणांनी मला वेगळा फोन करून 'या खेपेला जमत नाही गं, नाव काढ' असं सांगितलं. हर्णैच्या मागच्या मेळाव्यात स्वयंपाकघर ज्यांनी उचललं तेच हे पाच. नावं मी काढलेली नाहीत. पैसे कोणत्या दराने धरू ते उद्यापर्यंत सांगा.

खेडहून गाडीचं नंतर बघू.

---

प्रेषक: खजिनदार

रकाना मी घातला आणि तो राहील. हर्णैच्या वेळी सवलत तोंडी दिली, पुढे ताळेबंदाच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सवलतीला लेखी आधार हवा हे सभेत ठरलंय. काम नसेल त्याने खूण करावी, पाच सेकंदांचं काम. 'सल्लागार' लिहिलं तर पूर्ण वर्गणी. यात कमीपणा कसला?

---

प्रेषक: दापोलीकर

खजिनदारसाहेब, कमीपणा कसला असं विचारलंत म्हणून लिहितो. त्या १९ मधला एक मी.

मला अमेरिकेतल्या नोकरीतून ५७ व्या वर्षी काढलं. एकदम बऱ्याच जणांना काढलं आणि 'दावा करणार नाही' असं लिहून घ्यायचं असलं, की तिथल्या कायद्याने चाळिशीपुढच्या माणसाला विचाराला ४५ दिवस द्यावे लागतात. सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता येते. सोबत एक यादी मिळते: कोणती पदं गेली, कोणती राहिली, आणि समोर वयं. नावं नसतात. आमच्या विभागात गेलेल्यांच्या पानावर ५४, ५९, ५१, ५७, ६१. राहिलेल्यांच्या पानावर २९, ३१, २६. त्या ५७ वर मी बोट ठेवून किती वेळ बसलो होतो ते बायको सांगेल. वयावरून काढू नये असा कायदा १९६७ पासून आहे. पण सही केली तरच हातात पैसे, आणि धाकटीची फी भरायची होती. सही केली.

त्याआधी दोन महिने मीच केटी दिली, म्हणजे माझं काम माझ्या जागी येणाऱ्याला शिकवलं. घेणारा लांज्याचा मुलगा, गुणी. पहिल्या दिवशी 'सर' म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून 'काका'.

आता 'सल्लागार'. जुन्या ओळखीतल्या एकाचं महिन्याला सहा-सात तासांचं काम मी करतो, म्हणजे खोटं लिहिलेलं नाही. तिथल्या सरकारी मोजणीत पाहणीच्या आठवड्यात पैसे घेऊन १ तास जरी काम केलं तरी माणूस कामावर धरतात. आणि काम नसलेल्याने गेल्या ४ आठवड्यांत कुठे प्रयत्नच केला नसेल, तर त्याला बेकारही धरत नाहीत, तो मोजणीबाहेर जातो. मी कधी या खणात असतो, कधी त्या खणात. बेकारीच्या आकड्यात मात्र क्वचितच. आपला फॉर्म तेच करतोय.

आणखी एक. १९९९ साली मीही त्या मुलासारखाच दुसऱ्याच्या जागी अमेरिकेत गेलो होतो. वाय-टू-केची, म्हणजे २००० साल लागताना संगणकातल्या तारखा बिघडू नयेत याची घाई, बाहेरच्या कुशल माणसांना द्यायच्या एच-वन-बी व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५,००० वरून १,१५,००० केलेली, कोबोल ही जुनी संगणकभाषा येणाऱ्याला हातोहात उचलत होते. ज्यांच्या शेजारी मला बसवलं ते साठीला टेकलेले गृहस्थ. तीन आठवडे त्यांनी मला एकेक प्रोग्रॅम समजावून दिला. शेवटच्या दिवशी खोक्यात आपला चहाचा मग आणि टेबलावरचं कॅलेंडर भरून निघून गेले. तुम्ही आता काय करणार, हे मी त्यांना विचारलं नाही. हल्ली ते फार आठवतं.

---

प्रेषक: एडिसनहून (अमेरिका)

काका, तो लांज्याचा मुलगा मी नव्हे, पण मीही असाच समोर बसून केटी घेतली आहे. ज्यांच्याकडून घेतली त्यांच्या घरी मी गणपतीत जेवलोय. आमचीही खुर्ची पक्की नाही. आम्ही एच-वन-बीवर, काढलं तर ६० दिवसांत दुसरी नोकरी नाहीतर गाशा गुंडाळायचा, म्हणून जे सांगतील त्याला आम्ही मान डोलावतो. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून आणायच्या माणसाच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलर शुल्क लागलं. आमच्या टीममध्ये त्याने तिथल्या वयस्कर माणसाची जागा वाचली नाही, काम सरळ पुण्याला गेलं. काका, तुमचा राग माझ्यावर नाही हे मला माहीत आहे, तरी लिहावंसं वाटलं.

---

प्रेषक: देवगडवाले

बाहेरच्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या कोकणात बघा. माझ्या आंब्याच्या दीडशे कलमांवर आज सहा नेपाळी आहेत. दिवाळी झाली की येतात, पावसाच्या तोंडावर जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना परवाना लागत नाही. वाडीतले म्हणतात, बाहेरच्यांनी कामं नेली. मी गेल्या वर्षी वाडीत घरोघर फिरलो. मोहोरावर तुडतुडा आला की भल्या पहाटे फवारणीला उभं राहायचं, फळ धरल्यावर दिवसभर माकडांमागे आणि रात्री बागेत राखण. एक पोरगा आला, चार दिवसांनी मुंबईला गेला. हर्णैच्या होड्यांवर खलाशी कुठले आहेत तेही विचारा. बाहेरच्या माणसाला नावं ठेवायची सवय बरी नव्हे.

---

प्रेषक: दापोलीकर

नावं कोण ठेवतंय? तुमच्या बागेत माणूस मिळत नव्हता म्हणून बाहेरचा आला. आमच्या विभागात माणूस खुर्चीवर बसलेला होता. एच-वन-बी व्हिसाच्या पगाराला चार पातळ्या आहेत, आणि पहिल्या दोन त्या भागातल्या त्या कामाच्या मधल्या पगाराच्याही खाली लागतात. पंचवीस वर्षं घासलेल्या माणसाच्या जागी दुसऱ्या पातळीचा माणूस कायद्याने बसतो. त्यात पोराचा दोष नाही, तुमच्या नेपाळ्याचाही नाही. पण दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नका.

---

प्रेषक: वेंगुर्ल्याची मावशी

देवगडवाले, राखणीला वाडीतलं कोणी येत नाही म्हणता, दर किती सांगितलात तेही लिहा की. आमच्याकडे काजूच्या कारखान्यात बायका येतात, कारण रोख आठवड्याला मिळतात.

मोदकांचं पीठ मी आणते. गेल्या वेळचं जाडं होतं.

---

प्रेषक: सचिव (एका सदस्येच्या वतीने, तिचे शब्द)

मी इथे पहिल्यांदाच लिहिते. नाव नको, सचिवताईंना माहीत आहे.

अमेरिकेहून सासरी किनाऱ्यावरच्या गावात येऊन आम्हाला चौदा महिने झाले. गावात सगळे समजतात की यांचं काम तिकडच्या वेळेने चालतं. संध्याकाळी साडेसातला हे माडीवर जातात. दिवा, लॅपटॉप, कानात हेडफोन. सासूबाई दहाला मला चहा घेऊन वर पाठवतात आणि खाली सगळ्यांना हळू बोलायला लावतात, मीटिंग चालू असेल म्हणून. मी वर जाते तेव्हा समोर बायोडाटाच उघडा असतो. पदवीचं साल १९८९ आहे, ते ठेवायचं की काढायचं इथे गाडी अडलेली. सांगणाऱ्यांनी सांगितलं, साल काढा म्हणजे वय कळत नाही. काढलं. मग यांना वाटलं, लपवल्यासारखं दिसतं. परत घातलं. चहा तसाच गार होतो. दीड वाजता खाली येतात तेव्हा जिन्याची तिसरी पायरी वाजते, ती चुकवून उतरतात.

फॉर्म आला तेव्हा सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, यात लिहायचं काय, इंजिनिअर ना? त्यांच्या देखत 'सध्या काम नाही'वर खूण कशी करायची? यांनी 'सल्लागार' लिहिलं. खजिनदारभाऊ, पाच सेकंद नाही, अख्खी संध्याकाळ लागली.

---

प्रेषक: खजिनदार

वहिनी, मी वाचलं. दोनदा वाचलं.

माझा आग्रह हिशेबाचा होता आणि तो आहेच. सभेपुढे आकडा मलाच ठेवायचा असतो. पण आकड्याला नाव लागत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. रकाना काढा. एकच दर धरा, जेवणाखाणाचा खर्च भागेल इतकाच. ज्यांना जास्त देता येईल त्यांनी द्यावं, कमी देणाऱ्यांनी कमी, बंद पाकिटात, पाकिटावर काही न लिहिता. ती मी एकत्र उघडीन, सोबत मावशी बसतील, आणि फक्त बेरीज सभेत वाचीन.

---

प्रेषक: देवगडवाले

माझं पाकीट जाड असेल. मावशी, दर मी फोनवर सांगतो.

---

प्रेषक: सचिव

ठरलं तर. नवा फॉर्म आज रात्री पाठवते, तीन रकान्यांचा: नाव, किती माणसं, कोणती गाडी. जुना कोणी परत पाठवायचा नाही. भरलेले ४३ मी पुसून टाकलेत.

आता गाडी. कोकणकन्येने भल्या पहाटे खेडला उतरणारे नऊ आहेत, त्यांना आंजर्ल्यापर्यंत कसं आणायचं? माणगाव-मंडणगडवरून येणाऱ्यांनी आपापलं यावं.

---

प्रेषक: दापोलीकर

नऊ जणांना दोन जिपा लागतील. एक मी आणतो. दुसरी चालवायला आणि देवळाच्या चढावर वयस्कर मंडळींना हात द्यायला एक भरवशाचा माणूस हवा. सचिवताई, ज्यांचं पत्र तुम्ही पाठवलंत त्यांच्या यजमानांना माझा नंबर द्या. त्या दिवशी रात्रीचं काम नाही म्हणावं, पहाटेचं आहे.