आर्ट्सवाल्याने डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सच्या नादी लागावं का?

निफाडवाला
नमस्कार मंडळी. मी टीवायबीए इकॉनॉमिक्सला आहे, निफाड तालुक्यातला, घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. डिसेंबर २०२३ मधे केंद्राने अचानक कांदा निर्यात बंद केली, लासलगावचे लिलाव बंद पडले, चांदवडला हायवे अडवला होता, आणि तेव्हापासून डोक्यात एकच आहे की हे नीट शिकायचं, देशादेशातला व्यापार आणि विकासाचं अर्थशास्त्र दोन्ही. अडचण अशी की दहावीनंतर मॅथ्स नाही आणि सगळं शिक्षण मराठीतून. सर म्हणतात साधं एमए कर आणि सेट-नेट दे. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची आयजीआयडीआर, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही अर्थशास्त्राच्या मोठ्या संस्थांची नावं ऐकलीत, बाहेर तर इंटरनॅशनल अँड डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स नावाचेच कोर्स आहेत पण फी बघून टॅब बंद केला. माझ्यासारख्याला जमेल का, आणि पुढे काम काय मिळतं?

मागणी_पुरवठा
जमेल, पण कोर्सच्या नावावर जाऊ नकोस. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी मायक्रो, मॅक्रो, स्टॅटिस्टिक्स आणि इकॉनोमेट्रिक्स हेच असतं, ट्रेड आणि डेव्हलपमेंट नंतर निवडायचे पेपर म्हणून येतात.

मॅथ्स कशाला लागतं ते तुझ्या कांद्यावरच सांगतो. निर्यात थांबली की तोच माल देशात विकावा लागतो, भाव पडतो, शहरातल्या गिऱ्हाइकाचा फायदा आणि शेतकऱ्याचा तोटा, आकृती काढली की दिसतं की तोटा फायद्यापेक्षा मोठा आहे. हे ट्रेडवाले एका लेक्चरमधे शिकवतात. डेव्हलपमेंटवाला पुढे विचारतो की तोटा नेमका कोणाचा? डिसेंबरात येतो तो लाल कांदा, तो टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून चार महिने थांबता येत नाही, म्हणजे भाव पडला तरी त्याच आठवड्यात विकायचा. त्यात ज्याला सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता भरायचाय तो तर एक दिवस थांबू शकत नाही. आता खरा अवघड प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याची आवक तशीही वाढते आणि भाव तसाही उतरतो, मग पडलेल्या भावातला किती बंदीमुळे आणि किती आवकेमुळे? हे वेगळं करून दाखवता आलं नाही तर मंत्रालयातला माणूस म्हणणार की भाव दरवर्षीच पडतो. हे वेगळं करायचं शास्त्र म्हणजे इकॉनोमेट्रिक्स, आणि ते कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीशिवाय येत नाही.

पुढचा भागही बघ, मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के निर्यात शुल्क ठेवलं, सप्टेंबरमधे किमान मूल्य काढून शुल्क २० टक्के केलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. हे शुल्क बाहेरचा व्यापारी भरतो की आपला शेतकरी? ते यावर ठरतं की बाहेरच्या गिऱ्हाइकाला पाकिस्तान, इजिप्तचा कांदा किती सहज मिळतो. ही पूर्ण एमएच्या प्रबंधाची सामग्री आहे आणि ती तुझ्या घरासमोरून ट्रॅक्टरने जाते.

सर्व्हेताई
मॅथ्सचं पटलं, तरी ऐकून पोरं घाबरतात आणि मराठी माध्यमवाले अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. या विषयाचं मोठं काम आपल्याकडेच झालंय रे. बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला, त्यात म्हटलं की खरा रोग तुकडे नाही, जमिनीवर फुकट अडकलेली माणसं आहेत आणि उपाय औद्योगिकीकरण. शेतीतल्या जास्तीच्या मजुरांबद्दलचा अर्थतज्ज्ञ आर्थर लुइसचा प्रसिद्ध लेख त्यानंतर आला, १९५४ ला. गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मधे रोजच्या २२५० कॅलरीवरून गरिबी मोजली. रोजगार हमी इथलीच, ७२ च्या दुष्काळातली, आणि तिच्यावरूनच पुढे २००५ चा देशाचा कायदा आला. गरिबीवर प्रयोग करणारे अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ ला नोबेल मिळालं, त्यांच्या नावाजलेल्या प्रयोगातला एक, मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच मुलींना बालसखी म्हणून नेमायचा, प्रथम या संस्थेबरोबर मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत झाला.

कामाचं विचारलंस तर मास्टर्सनंतर रिसर्च असोसिएट, धोरण संस्था, बँका, आकडेवारीचं सरकारी काम, पुढे पीएचडी. मी सर्व्हेच्या कामात आहे. प्रश्नावली इंग्रजीत बनते आणि त्यात असतं तुमचं मासिक उत्पन्न किती. शेतकऱ्याला मासिक उत्पन्न असतं का? पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) किती मिळाली, उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, खत उधारीवर आणलं का, असं विचारलं तर खरा आकडा येतो. चुकीचा आकडा आला तर वरचं सगळं मॅथ्स त्या चुकीवरच चालणार. हे ज्याला कळतं तो माणूस टीममधे हवाच असतो.

मागणी_पुरवठा
ताई बरोबर, फक्त एक जोडतो, अशा प्रयोगांत चिठ्ठ्या टाकून काहींना मदत देतात, काहींना नाही, आणि फरक बघतात. निर्यातबंदी काही तशी चिठ्ठ्या टाकून निम्म्या जिल्ह्यांत लावता येत नाही, त्यामुळे सगळे प्रश्न प्रयोगाने सुटत नाहीत. दोन्ही बाजू शिकाव्या लागतात.

एल्बेकाठी
जर्मनीत शिकतोय म्हणून पैशाचं लिहितो. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्याला सेमिस्टरला १५०० युरो पडतात. गॉटिंगेनला डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्सचा मास्टर्स इंग्रजीतून आहे. पण राहण्याखाण्यासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमधे (दर महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) आधी दाखवावे लागतात (मी आलो तेव्हाचा आकडा, अर्ज करताना नवीन बघ), शिवाय एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला. तीन वर्षांचं बीए चालतं का आणि मॅथ्स-स्टॅटचे क्रेडिट किती मागतात हे प्रत्येक कोर्सच्या पानावर वाच, आर्ट्सवाले बहुतेक तिथेच अडकतात. ब्रिटिश सरकारच्या शेव्हनिंगला आणि जर्मनीच्या डीएएडी संस्थेच्या विकासविषयक कोर्सेसच्या स्कॉलरशिपला २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे बीएनंतर लगेच ते दार उघडत नाही. अनुसूचित जातीतला असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती नक्की बघ. माझं मत, आधी भारतात मास्टर्स, मग काम, मग बाहेर. कर्ज काढून लंडनला एका वर्षाच्या डिग्रीला जाऊ नकोस.

निफाडवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. लाल कांद्याचं वाचून घरी आजोबांना दाखवलं, ते म्हणाले हे लिहिणारा शेतकऱ्याचाच पोरगा दिसतो. आता मॅथ्स सुरू कुठून करू? क्लास लावू का?

मागणी_पुरवठा
क्लास नको. अकरावी-बारावीची एनसीईआरटी घे, फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी ही प्रकरणं रोज वहीत सोडवून काढ, नुसती वाचू नकोस. ती झाली की अमेरिकेतल्या एमआयटीचा डेटा आणि धोरणावरचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन कोर्स आहे, लेक्चर फुकट बघता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी उत्पन्नाप्रमाणे ठरते. सोबत आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) आणि आयजीआयडीआरचे प्रवेश परीक्षेचे जुने पेपर काढ, पण बारावीच्या मॅथ्सची अट आहे का ते आधी बघ, आयएसआयला तर स्टायपेंडही मिळतो. यावर्षी नाही झालं तर एक वर्ष गॅप घेऊन ताई म्हणतात तसं सर्व्हेचं काम कर. लासलगावचे रोजचे आवक-भाव बाजार समिती देते, ते आजपासून एक्सेलमधे भरायला लाग, आणि कुठे अडलं तर इथेच लिही.