वर्सोव्याची आठवण

'एकट्यादुकट्याने कचरा उचलून देश सुधारत नाही, ते काम पालिकेचं' असं तुम्ही या चर्चेत म्हटलंय. काम पालिकेचं हे शंभर टक्के मान्य, पण पहिलं वाक्य पटलं नाही.

ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह हे वकील आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी, असे दोघेच मुंबईतल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कचरा उचलायला उतरले. दर शनिवार-रविवारी. हळूहळू कोळीवाड्यातले लोक आले, शाळेची मुलं आली.

मी एका रविवारी गेले होते. वाळूतून पिशवीचं एवढंसं टोक दिसतं म्हणून ओढावं, तर ती निघतच नाही. आत चिंध्या, दोरे, जाळ्याचे तुकडे, सगळा गुंता ओल्या वाळूने जड झालेला. बोटांनी उकरायचं, हलवून सैल करायचं, मग दोघांनी मिळून ओढायचं. तासाभरात आमची जेमतेम चटईएवढी जागा मोकळी झाली. घरी आल्यावर मात्र दूध-तेलाच्या पिशव्या कधी कचऱ्यात टाकवल्या नाहीत. धुऊन, वाळवून वेगळ्या देते.

२०१७च्या नोव्हेंबरात गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता आणि स्वयंसेवकांना त्रास दिला जात होता, म्हणून शाहांनी मोहीम थांबवली होती. तेव्हा यंत्रणेची साथ हवीच, यात तुमचं बरोबर आहे. पण ती साथ मागायलाही आधी कोणीतरी वाळूत उतरावं लागतं. काम पुन्हा सुरू झालं, आणि मार्च २०१८मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. कित्येक वर्षांनी!