‘अवरोधक’ की ‘पाचर’? विंचवाच्या आणि सापाच्या विषासंबंधी काही शब्द

शब्दखूण: परिचारिकांसाठीच्या एका मसुद्यात हे वाक्य आहे: ‘लाल विंचवाचे विष हे सोडियम वाहिनीचे अवरोधक असून त्यावर प्राझोसिन हे अवरोधक द्यावे.’ इथे ‘चॅनेल’साठी (पेशीच्या आवरणातली, सोडियमसारखे आयन आत-बाहेर सोडणारी वाट) ‘वाहिनी’ ठेवावं की ‘मार्गिका’ करावं? प्राझोसिनसारखं औषध ज्यावर बसतं त्या पेशीवरच्या रिसेप्टरला ‘ग्राही’ म्हणावं की ‘ग्राहक’? आणि दोन्हीकडे ‘अवरोधक’ चालेल का?

चेतातंतू: ‘ग्राही’च घ्या, ‘ग्राहक’ म्हटलं की गिऱ्हाईक डोळ्यांपुढे येतं. ‘वाहिनी’ टाळा, कारण पुढे कुठेतरी ‘रक्तवाहिनीच्या स्नायूंतील पोटॅशियम वाहिनी’ लिहायची वेळ येणारच. ‘मार्गिका’ बरी.

खरा घोटाळा ‘अवरोधक’मध्ये आहे, आणि तो निव्वळ शब्दाचा नाही. चेतापेशीतली सोडियम मार्गिका एरवी जेमतेम एक-दोन मिलिसेकंद उघडी राहते. मग तिच्या आतल्या बाजूचा एक छोटा दुवा जागेवर बसतो आणि ती निष्क्रिय होते. त्यासाठी मार्गिकेच्या चौथ्या विभागातला विद्युतदाब ओळखणारा भाग बाहेरच्या दिशेने सरकावा लागतो. विंचवाचं अल्फा-विष बाहेरून येऊन नेमका तोच भाग दाबून धरतं. परिणामी मार्गिका उघडते, पण वेळेवर मिटत नाही. सोडियम आत येतच राहतो आणि चेता एका संदेशाच्या जागी संदेशांची माळ सोडते. अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतांमधून नॉरॲड्रेनलिन आणि अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथीतून ॲड्रेनलिन भसाभसा बाहेर पडतं. घामाने निथळणं, थंडगार हातपाय, चढलेला रक्तदाब, आणि बिघडलं तर फुप्फुसात पाणी, हे सगळं त्यातूनच येतं. थोडक्यात, हे विष मार्गिका रोखत नाही, मिटू देत नाही. मसुद्यातलं वाक्य बरोबर उलटं आहे.

सुतारपक्षी: मग ‘पाचर’ म्हणा की! दार मिटू नये म्हणून घालतात ती.

शब्दखूण: पण ‘मध्येच पाचर मारली’ म्हणजे काम अडवलं. वाचक पुन्हा ‘रोखणे’ हाच अर्थ घेईल.

सुतारपक्षी: तो अर्थ लाक्षणिक. ओंडका चिरताना फट मिटू नये म्हणून सुतार पाचर ठोकतो. पाचर उपसली की फट चटकन मिटते, गोष्टीतल्या माकडाचं शेपूट अडकलं ते याचमुळे. इथेही तेच घडतं. बंद ठेवणाऱ्यासाठी ‘खीळ’ किंवा ‘अडसर’ आहेतच, ‘दातखीळ’ सगळ्यांना माहीत आहे.

चेतातंतू: समजावून सांगताना ‘पाचर’ उत्तम. संज्ञा म्हणून ‘निष्क्रियण-रोधक’ लिहा, म्हणजे नेमकं काय रोखलं जातं ते शब्दातच येतं.

आणखी एक. ‘लाल विंचवाचे विष हे अमुक आहे’ ही रचनाच सोडा. विष हे मिश्रण असतं. ह्याच विंचवाच्या विषात इबेरिओटॉक्सिन नावाचं ३७ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन आहे. ते मोठ्या वाहकतेच्या, कॅल्शियमने चालणाऱ्या पोटॅशियम मार्गिकेच्या तोंडात बोळ्यासारखं बसतं. तो मात्र अस्सल अवरोधक. एकाच नांगीत पाचरही आहे आणि बोळाही. म्हणून सगळ्या स्रावाला ‘विष’ आणि त्यातल्या एकेका प्रथिनाला ‘विषघटक’ म्हणावं. ‘गरळ’ शब्द छान होता, पण ‘गरळ ओकणे’ने तो शास्त्रीय लेखनाच्या कामाचा राहिला नाही.

शब्दखूण: पुढच्या प्रकरणात नाग आणि मण्यार आहेत. तिथे ‘ॲसिटिलकोलिन ग्राहीची मार्गिका’ असं आहे (ॲसिटिलकोलिन म्हणजे चेतेकडून स्नायूकडे संदेश नेणारा रेणू). ग्राही की मार्गिका?

चेतातंतू: दोन्ही, आणि ही मसुद्यातली चूक नाही. स्नायूवरचा निकोटिनी ग्राही पाच उपघटकांचा असतो आणि मधली पोकळी हीच मार्गिका. ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू दोन जागी बसले की ती उघडते. नागाचे अल्फा-विषघटक त्या जागा बळकावतात. मार्गिका शाबूत असते, पण तिला उघडणारा रेणू बसणार कुठे? इथे ‘जागा अडवणे’ हे क्रियापद चपखल. ‘निकोटिनी’ हे विशेषण मात्र गाळू नका. नागदंशात निओस्टिग्मीन १.५ ते २ मिलिग्रॅम स्नायूत देतात, सोबत ॲट्रोपीन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून. निओस्टिग्मीनने ॲसिटिलकोलिन सगळीकडेच वाढतं. स्नायूवर ते हवं असतं, पण हृदय मंदावणं आणि लाळ सुटणं नको असतं. ॲट्रोपीन फक्त मस्कारिनी, म्हणजे हृदय आणि लाळग्रंथींवरचे ग्राही अडवतं. नुसतं ‘ॲसिटिलकोलिन ग्राही’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, एक औषध दुसऱ्याचं काम पुसून टाकतंय.

मण्यारीचं वेगळं. तिच्या विषातले बीटा-विषघटक चेतेचं टोकच उद्ध्वस्त करतात. ॲसिटिलकोलिन सुटतच नाही, मग निओस्टिग्मीन वाढवणार काय? प्रतिविष रक्तातलं मोकळं विष बांधतं, मोडलेलं टोक जोडत नाही. म्हणून तिथे ‘विष उतरले’ हा शब्दप्रयोग करूच नका. रुग्णाला कित्येक दिवस कृत्रिम श्वास लागू शकतो, आणि ‘उतरले’ वाचून कुणी नळी लवकर काढायला नको.

रायगडवासी: प्राझोसिनलाही ‘उतारा’ म्हणू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा वापर मांडला. पण ते औषध सोडियम मार्गिकेला हात लावत नाही, रक्तवाहिन्यांवरचे अल्फा-१ ग्राही अडवतं. हा ‘अवरोधक’ खरा. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष वेगळं मिळतं. आणि पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठवून बसवू नये, रक्तदाब एकदम पडतो, हेही त्याच परिच्छेदात हवं.

शब्दखूण: मग असं: ‘लाल विंचवाच्या विषातील अल्फा-विषघटक सोडियम मार्गिका वेळेवर मिटू देत नाहीत. त्यामुळे उसळणाऱ्या नॉरॲड्रेनलिनचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम रोखण्यासाठी प्राझोसिन हे अल्फा-१ ग्राही-अवरोधक, दर किलो वजनास ३० मायक्रोग्रॅम, तोंडावाटे द्यावे व रुग्णास आडवे ठेवावे.’

चेतातंतू: चालेल. फक्त ‘मायक्रोग्रॅम’ अक्षरी पूर्णच छापा. ‘मा.ग्रॅ.’ आणि ‘मि.ग्रॅ.’मध्ये एका काना-वेलांटीचं अंतर आहे, आणि मात्रा हजारपट बदलते.