मदत हवी आहे : पूर्व तिमोरच्या प्राथमिक शाळा

नमस्कार मंडळी, एम.एड.च्या प्रबंधासाठी पूर्व तिमोर (आग्नेय आशियातला छोटा देश) हा विषय घेतलाय आणि एका मुद्द्यावर गाडी अडलीये.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतं इंडोनेशियापासून स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. त्यानंतरच्या जाळपोळीत बहुतेक शाळांची छपरं, बाकं, पुस्तकं गेली. इंडोनेशियन शिक्षक मायदेशी परतले. माध्यमिक वर्ग जवळजवळ त्यांच्याच भरवशावर होते. प्राथमिकला स्थानिक शिक्षक बरेच असल्याने ते वर्ग आधी उभे राहिले. इथपर्यंत ठीक.

२० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेने पोर्तुगीज (जुन्या वसाहतकाळातली) आणि तेतुम (तिथली स्थानिक) या अधिकृत भाषा ठरवल्या. पण तरुण शिक्षक शिकलेले इंडोनेशियनमधून! म्हणजे हातच्याची वजाबाकी ज्या भाषेत शिकवायची, ती गुरुजी स्वतःच संध्याकाळच्या वर्गात शिकणार. आणि समोरच्या पोराच्या घरी तिसरीच भाषा. छपरं घालणं त्यामानाने सोपं, असं माझं मत.

२०१२ मध्ये मातृभाषेतून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला : लाउतेममध्ये फातालुकू, मानातुतोत गालोलेन, ओएकुसीत बाइकेनो. मला नेमकं हे हवंय : त्या मुलांना मातृभाषेतून पुढच्या भाषांकडे कोणत्या इयत्तेत आणि कसं नेलं? पहिलीचं एखादं वाचनपुस्तक कुणी पाहिलंय का? पोर्तुगीज वाचता येणारं कुणी असेल तर फारच उत्तम. आपल्याकडच्या आदिवासी भागांतल्या प्रयोगांशी तुलना सध्या नको, मार्गदर्शकांनी ती आधीच बाद केलीये.