मदत हवी आहे: पट्टायाची डीलर ट्रिप, रात्रीच्या खर्चाचे पैसे कसे न्यावेत? (१८+)

रंगवाला_ठाणे

मंडळी, विषय थोडा अडचणीचा आहे, पण प्रश्न शुद्ध हिशेबाचा आहे. नैतिक चर्चेसाठी कोणी वेगळा धागा काढला तर तिथेही येईन.

वागळे इस्टेटच्या बाजूला माझं रंगाचं दुकान आहे. यंदा कंपनीच्या स्कीममध्ये बँकॉक-पट्टाया लागलंय. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे असे आम्ही सगळे इकडचेच डीलर, बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले. विमान, हॉटेल, जेवण, दिवसाचं फिरणं कंपनीकडे. रात्री ज्याचं त्याने बघायचं. आणि पट्टायात रात्री लोक कुठे जातात हे सांगायला नको. वॉकिंग स्ट्रीट, गो-गो बार, शो. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं जायचं पक्कं आहे. मी आमच्या गणपती मंडळाचा खजिनदार, त्यामुळे "पैसे तूच सांभाळ" म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलंय.

आता एक म्हणतो सगळ्यांनी कॉन्ट्री काढून एकाच्याच फॉरेक्स कार्डात भरू. दुसरा म्हणतो क्रेडिट कार्ड घासा, पॉइंट मिळतात. तिसऱ्याने कुठेतरी ऐकलंय की बाहेर कार्ड वापरलं की सरकार वीस टक्के कापून घेतं. शिवाय दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की बारमध्ये कार्ड वापरलं तर स्टेटमेंटवर काय छापून येतं. आणि एका महाभागाला ही बिलं दुकानाच्या खर्चात टाकायची आहेत.

जाणकारांनी सांगावं. टवाळी चालेल, पण सोबत माहितीही द्या.

कळवेकर

खजिनदारसाहेब, पावतीपुस्तक छापून न्या. "सप्रेम भेट" असं लिहिलेलं.

नेरूळचा_निवृत्त_बँकर

वीस टक्क्यांची भीती आधी काढून टाका. तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर. परदेशात पाठवलेल्या किंवा नेलेल्या पैशावर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही. ही मर्यादा आधी ७ लाख होती, १ एप्रिल २०२५ पासून १० लाख झाली. त्यावरच्या रकमेवर २० टक्के, आणि तेही रिटर्न भरताना वजा करून मिळतात. पट्टायात चार रात्रीत कोणी १० लाख उडवणार असेल तर त्याने इथे प्रश्न विचारू नये, सल्लागार नेमावा.

गोंधळ झाला तो २०२३ मध्ये. त्या मे महिन्यात सरकारने परदेशात वापरलेलं क्रेडिट कार्डही एलआरएसमध्ये (माणसाला परदेशी पैसे पाठवण्या-नेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली वार्षिक सवलत) मोजायचं ठरवलं, खूप ओरड झाली, आणि २८ जूनला ते पुढे ढकललं. तेव्हाच्या बातम्या अजून व्हॉट्सॲपवर फिरतायत. फॉरेक्स कार्ड, डेबिट कार्ड आणि मनी चेंजरकडून घेतलेली नोट मात्र तुमच्या पॅनवर मोजली जाते.

म्हणूनच सगळ्यांचे पैसे एकाच्या फॉरेक्स कार्डात भरू नका. तो सगळा खर्च त्या एकाच्या नावावर लागेल. ही सवलत व्यक्तीला आहे, फर्मला किंवा कंपनीला नाही, तेव्हा दुकानाच्या चालू खात्यातून फॉरेक्स घ्यायचा विचारही नको. नोटांच्या रूपात माणशी ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. ५०,००० रुपयांच्या आतलं परकीय चलन चेंजरकडून रोखीने घेता येतं, त्यावर गेलात तर चेक किंवा ट्रान्सफर. जीएसटी फार नाही, १ लाखापर्यंतच्या व्यवहारावर ०.१८ टक्के, किमान ४५ रुपये.

क्रेडिट कार्डच्या पॉइंटांचं म्हणाल तर बहुतेक साध्या कार्डांवर परकीय व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४.१३ टक्के झाले. पॉइंट त्याच्या जवळपासही जात नाहीत. शिवाय तिथलं मशीन विचारतं, बाट की रुपये? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं आणि आपण तेच दाबतो. बाटच दाबायचं. रुपयांचा दर दुकानदाराच्या बँकेने लावलेला असतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

पाम_बीच_रोड

बँकर काकांनी कायदा सांगितला, मी बारमधला व्यवहार सांगतो. कामानिमित्त तिकडे जाणं होतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. टिफनीज, अल्काझारसारखे कॅबरे शो म्हणजे तिकीट काढून बघायचा रंगमंचावरचा कार्यक्रम. लोक कुटुंब घेऊनही जातात. त्याचं तिकीट इथूनच कार्डने काढा, काही बिघडत नाही. गो-गो बार ही वेगळी दुनिया. तिथे कार्ड आत न्यायचंच नाही.

तिथली पद्धत अशी. तुम्ही बसलात की तुमच्यासमोर एक कप किंवा छोटं नळकांडं येतं. प्रत्येक ड्रिंकची चिठ्ठी त्यात पडत जाते. उठताना चिठ्ठ्यांची बेरीज करून बिल करतात. बरेच बार सरळ असतात, पण गर्दीत दुसऱ्याची चिठ्ठी तुमच्या कपात पडू शकते, म्हणून प्रत्येक नवीन चिठ्ठी आली की वाचायची आणि अधूनमधून मोजायची. शेजारी बसलेल्या मुलीला पाजलेलं ते लेडी ड्रिंक. ते तुमच्या बिअरपेक्षा महाग, कारण त्यातला वाटा तिला मिळतो. ती मागेल, तुम्ही नाही म्हणू शकता, कोणी वाईट वाटून घेत नाही. पण मुंडी हलवलीत तर ते हो धरलं जाईल.

आता सर्वात महत्त्वाचं. बारमध्ये घंटा टांगलेली असते. आपल्या लोकांना घंटा दिसली की हात आपोआप वर जातो. ती वाजवली की त्या वेळी बारमध्ये असलेल्या सगळ्यांना, तिथे काम करणाऱ्या मुलींसकट, एकेक ड्रिंक तुमच्याकडून. ग्रुपला विमानातच बजावून ठेवा.

फोन बाहेर काढून फोटो घ्यायचा नाही. वादाची सुरुवात तिथूनच होते.

बँकॉकमध्ये पॅटपाँगला रस्त्यावर दलाल छापील कार्ड दाखवतात, वरच्या मजल्यावर शो, एंट्री फुकट, ड्रिंक १०० बाट. वर गेल्यावर उतरताना बिल हजारांत, दारात दोन पैलवान. अशा ठिकाणी पाऊल टाकू नका. अडकलात तर टुरिस्ट पोलीस ११५५, नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करा. फोन कानाला लावला की बिल खाली येताना मी पाहिलंय.

एटीएमचं म्हणाल तर परदेशी कार्डावर तिथली बँक दर वेळी २२० बाट किंवा जास्तच घेते, वर आपली बँक वेगळं. रोज हजार-हजार काढत बसू नका.

रंगवाला_ठाणे

घंटेचं कोणीच सांगितलं नव्हतं! आमच्यातला एक जण पहिल्याच रात्री वाजवणार होता, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मग कॅशच. पण बाट इथून न्यावेत की तिकडे बदलावेत? आणि स्टेटमेंटचा प्रश्न राहिला.

पाचपाखाडीची_सीए

मी सीए आहे आणि बाई आहे, दोन्ही आधीच सांगते.

दुकानाच्या खर्चात टाकणाऱ्या दादांसाठी: नाही. वैयक्तिक खर्च धंद्याचा खर्च होत नाही. आणि जे काम कायद्याने गुन्हा आहे, त्यावरचा खर्च तर वजा मिळतच नाही, भले ते परदेशातल्या कायद्याने गुन्हा असो. हे २०२२ च्या फायनान्स ॲक्टपासून अगदी स्पष्ट केलेलं आहे. थायलंडमध्ये पैसे घेऊन शरीरसंबंधांवर १९९६ च्या कायद्याने बंदी आहे, रस्त्यावर काहीही दिसत असलं तरी. "गिऱ्हाइकांचं मनोरंजन" असं व्हाउचर बनवून माझ्याकडे पाठवू नका, मी परत पाठवीन.

उलट तुम्ही विचारलं नाही ते सांगते. ही ट्रिप फुकट नाही. डीलरला मिळालेल्या अशा लाभाची किंमत वर्षाला २०,००० रुपयांवर गेली की कंपनीने १० टक्के टीडीएस कापायचा, हा नियम जुलै २०२२ पासून आहे. तुमच्या पॅनवरच्या करनोंदीत ती रक्कम दिसेल, रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवा. रात्रीच्या बिलापेक्षा यात जास्त लोक अडकतात.

आता स्टेटमेंट. दुकानदाराच्या नोंदणीचं नाव, शहर, रक्कम, तारीख, हे छापून येतं. नाव बऱ्याचदा बारच्या पाटीपेक्षा वेगळं असतं, कारण मालक कंपनीचं असतं. पण पट्टाया आणि रात्री दीडचा एसएमएस या दोन गोष्टींवरून घरात कोणाला काय कळायचं ते कळतंच. बायको मूळ कार्डधारक आणि तुमच्याकडे ॲड-ऑन असेल तर बिल तिच्याकडेच येतं. बँक हे लपवून देत नाही आणि द्यायलाही नको. या दोघा दादांना म्हणावं, लपवायची वेळ येणार असेल तर हा प्रश्न बँकेचा नाही.

आणखी एक, खजिनदार म्हणून. जे निम्मे लोक येणार नाहीत त्यांच्याकडून या कॉन्ट्रीत एक रुपया घेऊ नका. आमच्या ओळखीच्या एका ग्रुपमध्ये कॉमन पैशातून बारचं बिल भरलं आणि परत येईपर्यंत दोन मित्रांचं बोलणं बंद.

कळवेकर

ताईंना +१. टीटीएमएम हाच या देशाचा एकमेव यशस्वी आर्थिक कायदा आहे.

पाम_बीच_रोड

नोटांबद्दल. इथून १०० आणि ५० डॉलरच्या कोऱ्या नोटा न्या आणि पट्टायाला गेल्यावर गावातल्या चेंजरकडे बदला. छोट्या नोटांना दर कमी मिळतो, फाटकी किंवा शाईची खूण असलेली नोट नाकारतात. विमानतळावर टॅक्सीपुरतेच बदला. चेंजर पासपोर्ट मागतो, तेव्हा ते काम दिवसा उरका. रात्री बाहेर पडताना पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत आणि फोनमध्ये त्याचा फोटो.

ताईंनी कायद्याचं म्हटलं त्यात भर. बार फाइन हा शब्द कानावर येईल. मुलीला बारमधून बाहेर नेण्यासाठी बारला द्यायची रक्कम. त्यापुढच्या व्यवहाराची ना पावती, ना तक्रारीची सोय. पैसे हरवले, फोन गेला, पोलिसांकडे जाऊन सांगणार काय? आणि वय. अठराच्या खालच्या मुलीच्या बाबतीत तिथे गिऱ्हाइकालाच तुरुंग आहे, आणि भारतीय माणसाने बाहेर केलेल्या गुन्ह्याला आपला कायदाही लागू होतो. जराही शंका आली तर उठून निघा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर बिअर प्यावी, गाणी ऐकावीत, बारा-एकपर्यंत हॉटेलवर परत.

ऐरोली_सेक्टर८

अवांतर: ॲमस्टरडॅमला पण असंच का? दिवाळीनंतर ऑफिसच्या कामाने जायचंय.

नेरूळचा_निवृत्त_बँकर

तिथे चित्र वेगळं. वेश्यागृहांवरची बंदी ऑक्टोबर २००० मध्ये उठली, व्यवसाय कायदेशीर आणि परवान्याने चालतो. तरी खिडक्यांच्या भागात (काचेमागे स्त्रिया उभ्या असतात तो भाग) व्यवहार रोखीतलाच असतो आणि तिथल्या स्त्रियांचे फोटो काढायचे नाहीत. पण तुम्ही ऑफिसच्या कामाने जाताय, तेव्हा कंपनीचं कार्ड त्या भागात खिशात ठेवूच नका. इस्तंबूल किंवा बुडापेस्टवरून जाणार असाल तर रस्त्यात भेटलेल्या गोड माणसाबरोबर "एक ड्रिंक" घ्यायला जाऊ नका, तिथली ही जुनी युक्ती आहे, बिल बघून घाम फुटतो. टोकियोत काबुकिचो आणि रोप्पोंगीला ड्रिंकमध्ये काहीतरी मिसळून कार्ड घासल्याच्या तक्रारी इतक्या, की अमेरिकन दूतावासाने आपल्या लोकांना त्याबद्दल सावध केलंय.

रंगवाला_ठाणे

मंडळी, काल नौपाड्यात चहावर मीटिंग झाली. कॉन्ट्री रद्द. प्रत्येकाने आपापल्या पॅनवर डॉलर घ्यायचे, रोज संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत ठरेल तेवढेच बाट खिशात, बाकी तिजोरीत. माझ्याकडे फक्त टॅक्सीचे आणि खाण्याचे पैसे. बिलं दुकानात टाकणारा म्हणाला, "मग मी येतच नाही." त्याच्या जागी कोणी घेतलेलं नाही.

दोघे मात्र ऐकत नाहीत, कार्ड घेऊनच जाणार म्हणतात. इमर्जन्सीसाठी. काय सांगू?

नेरूळचा_निवृत्त_बँकर

इमर्जन्सी म्हणजे दवाखाना किंवा विमान, बार नव्हे. घेऊन जायचंच असेल तर ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापराची मर्यादा उतरवून ठेवा, हॉटेलच्या किंवा दवाखान्याच्या बिलाला पुरेल इतकीच. टॅप करून पैसे जाणं बंद. आंतरराष्ट्रीय ऑनलाइन बंद, कारण बाहेरच्या साइटवर ओटीपी न विचारताही पैसे जाऊ शकतात. हे सगळे स्विच बँकेने द्यायचेच, २०२० पासूनचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आणि त्यांना हे नीट समजावा. स्वतः पिन टाकून दिलेला व्यवहार हा तुमच्या संमतीचा व्यवहार. नंतर "बिल जास्त लावलं" म्हणून बँकेकडे गेलात तर फार काही हाती लागत नाही. पिन न टाकता परस्पर पैसे गेले असतील तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, म्हणजे तिसऱ्याच कोणाच्या चोरीची तोशीस तुम्हाला लागत नाही. स्लिपवर एक आकडा आणि एसएमएसमध्ये दुसरा, असं झालं तर भांडता येतं, पण त्यासाठी स्लिप जपून ठेवावी लागते. रात्री दोन वाजता स्लिप जपणारा माणूस मी माझ्या नोकरीत फारसा पाहिला नाही.

उरलेले डॉलर २,००० पर्यंत घरी ठेवता येतात, त्यावरचे परत आल्यापासून १८० दिवसांत चेंजरला किंवा बँकेत द्यायचे.

रंगवाला_ठाणे

काका, २,००० डॉलर उरवून आणणारा डीलर आमच्यात नाही. बाकी सगळं ग्रुपवर टाकलं. घंटेचं ठळक अक्षरात.