मुलीसाठी जुना पियानो घ्यावा का? (पुणे, तिसरा मजला)

रिमझिम_पुणे

नमस्कार. लेक नऊ वर्षांची आहे, दीड वर्ष ६१ पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर शिकतेय. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, आता या हलक्या पट्ट्यांवर बोटं तयार होणार नाहीत, खरा पियानो घ्या नाहीतर वजनदार पट्ट्यांचा डिजिटल.

कॅम्पातलं एक कुटुंब सप्टेंबरअखेर घर रिकामं करतंय, त्यांच्याकडे उभा पियानो आहे. लंडनचा, झाकणाच्या आत सोनेरी अक्षरं, वय त्यांनाही सांगता येत नाही. ४५,००० म्हणाले, वर "बसून बोलू". सात-आठ वर्षांत ट्यून केलेला नाही. मधल्या तीन पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात, बाकी आवाज भरीव वाटला. तेवढ्याच पैशांत ८८ पट्ट्यांचा नवा डिजिटल येतो. घरात कुणालाच यातलं कळत नाही. तिथे जाऊन नेमकं काय बघू? आणि आमच्या लिफ्टमध्ये सहा माणसं मावतात, पियानो जाईल का?

तारकस

रिमझिमताई, बसणाऱ्या तीन पट्ट्यांची काळजी सोडा. पट्टी मधोमध एका पिनेवर तोललेली असते आणि पुढच्या टोकाला दुसऱ्या पिनेमुळे सरळ राहते. दोन्ही भोकांना आतून नमद्याचं (फेल्टचं) अस्तर असतं. पावसाळ्यात लाकूड नि नमदा दोन्ही फुगतात आणि पट्टी पिनेला घासते. ट्यूनर एका खास पकडीने ते अस्तर किंचित दाबून देतो, पट्टीमागे दोन-चार मिनिटांचं काम. मात्र पट्टी वर येतेय आणि हॅमरच, म्हणजे तारेवर आदळणारी नमद्याची हातोडीच, तारेजवळ अडकून राहतोय, असं असेल तर हॅमरच्या बिजागरीची पिन जाम झालेली असते. तेही दुरुस्त होतं, पण अशा २०-३० निघाल्या तर अॅक्शन, म्हणजे हॅमरची सगळी यंत्रणा, बाहेर काढून नेण्याइतकं काम होतं.

बघायच्या त्या ट्यूनिंग पिना. पियानोत साधारण २२० तारा असतात : खाली सुराला एक, मग दोन, वर तीन. सगळ्यांचा ताण मिळून १५ ते २० टन. बिडाची फ्रेम तो ताण पेलते, पण प्रत्येक तारेचं एक टोक ज्या पिनेला गुंडाळलेलं असतं ती पिन बिडामागच्या फळीत नुसती ठोकलेली असते. धरून ठेवतं ते फक्त घर्षण. फळी वाळून चिरली की पिन सैल होते. संध्याकाळी सूर लावला, सकाळी उतरला.

आणि इथेच ऑगस्ट फसवतो. पुण्यात आत्ता हवेत ८० टक्क्यांवर आर्द्रता आहे, फळी फुगून पिना घट्ट धरून बसलीय. एप्रिलच्या दुपारी आर्द्रता विशीपर्यंत उतरते, तेव्हा तीच फळी सोडते. म्हणजे आज दिसणारा पट्टी अडकण्याचा दोष डिसेंबरात आपोआपही जाईल, पण आज पिन घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आज सैल असेल तर मात्र विषय संपला.

फोनवर ट्यूनरचं कुठलंही फुकट अॅप घ्या. मधल्या सा च्या, म्हणजे पियानोच्या मधोमधच्या सी च्या, वरची पांढरी सहा, म्हणजे ए, ४४० हर्ट्झ दाखवायला हवी. नाही दाखवणार. पण प्रत्येक सप्तकातली तीच पट्टी वाजवून ती किती सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलीय ते लिहून आणा. मग एकेक पांढरी, एकेक काळी सावकाश वाजवत जा. सगळा पियानो सारखाच उतरलेला असेल तर ते निव्वळ दुर्लक्ष, पिना बहुधा ठीक आहेत. शेजारचे सूर बरे आणि मध्येच एखादा पार कोसळलेला, एकाच सुराच्या तीन तारा तीन दिशांना, असं ठिकठिकाणी असेल तर पिना सैल आहेत. दहा मिनिटांत कळतं.

रंधा

वरचं सगळं बरोबर. पण आधी तो उघडा, कारण काही पियानो सूर न तपासताच सोडून द्यायचे असतात.

वरचं झाकण उचला. आत दोन्ही कडांना लाकडी किंवा पितळी खिट्ट्या असतात, त्या फिरवल्या की समोरची फळी निघते. पायाकडची फळी वरच्या बाजूच्या पत्र्याच्या स्प्रिंगवर अडकलेली असते, स्प्रिंग वर दाबा. टॉर्च घ्या आणि मालकांच्या समोरच उघडा.

हॅमरच्या पुढे उभ्या तारांची जाळी, पिंजऱ्यासारखी, दिसली तर हात जोडून परत या. ती जुनी ब्रिटिश पद्धत. त्यात डॅम्पर, म्हणजे सूर थांबवणाऱ्या नमद्याच्या गाद्या, हॅमरच्या वर असतात, पट्टी सोडली तरी सूर पुरता थांबत नाही, आणि ट्यूनिंगच्या वेळी तारांत पाचर घालायलाही जाळी आडवी येते. पाय उचलायला शिकणाऱ्या मुलीला, म्हणजे पेडल सोडायला शिकणाऱ्या मुलीला, सूर कुठे तुटला हेच ऐकू येणार नाही. पिना सरळ उघड्या लाकडात ठोकलेल्या दिसल्या आणि बिडाची फ्रेम त्यांच्या खालीच संपत असेल तरीही नको. तारा सगळ्या समांतर उभ्या असण्यापेक्षा खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या गेलेल्या असाव्यात.

बिडाला तडा असेल तर फुकटही घेऊ नका. साउंडबोर्डला, म्हणजे मागच्या पातळ फळीला, चीर असेल तर घाबरू नका. चीर झणझणत नसेल आणि तिला मागून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या सुटलेल्या नसतील तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते. विकणारे चीर लपवतात, घेणारे चिरेवरून किंमत पाडतात. दोन्हीत फारसा अर्थ नाही.

तळाशी पिठासारखा भुसा म्हणजे भुंगा. मातीच्या नळ्या म्हणजे वाळवी. नमद्याला कसर लागली की हॅमरच्या कडा खाल्लेल्या दिसतात. पट्ट्यांखाली उंदराचं घरटं निघालं तर नवल नाही. मूत बिडावर नि तारांवर पडून गंज कुठवर गेलाय ते बघा. हॅमरच्या नाकावर तारांचे खोल चर असतील तर घासून आकार देता येतो, पण नमदा पुरेसा उरला असेल तरच.

एक हात जोडून विनंती : विकणाऱ्याने किंवा घरच्या कुणी पिनांवर शिलाई मशीनचं तेल सोडलं असेल तर विचारून घ्या. तेल फळीत मुरलं की पिन पुन्हा धरत नाही.

गमपधनी

बाईंचा मुद्दा डिजिटलनेही सुटतो, हे विसरू नका. ८८ वजनदार पट्ट्या आणि पेडल असलेला डिजिटल एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या ब्रिटिश संस्थांच्या पियानोच्या परीक्षांना चालतो, नेमक्या अटी त्या वर्षाच्या अभ्यासक्रमात बघा. हेडफोन लावून रात्री दहाला सराव होतो, ट्यूनिंग नाही, दोन माणसं उचलतात. ज्या घरात ट्यूनर वर्षातून दोनदा बोलावला जाणार नाही, तिथे मी जुन्या पियानोला मत देणार नाही. उतरलेल्या पियानोवर मुलांचा कान बिघडतो. अर्धा स्वर उतरलेल्या पियानोवर पांढरी चार दाबली की पांढरी तीन वाजते, मग शिक्षकांच्या पियानोशी आणि रेकॉर्डिंगशी काहीच जुळत नाही.

पट्टी मुलीच्या बोटांना किती जड आहे ते घरबसल्या मोजता येतं. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं आहे (२०१९ पासूनचं हलकं आहे, ते नको). उजवं पेडल दाबून ठेवा, पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकाला १४ नाण्यांची चळत ठेवा : ५३ ग्रॅम. पट्टी सावकाश खाली जायला हवी. २० नाणी लागली तर ती नऊ वर्षांच्या बोटांना जड आहे. मग पट्टी खालपर्यंत दाबून पाच नाणी ठेवा आणि सोडा, ती वर यायला हवी. नाही आली तर भरभर वाजवताना तोच सूर दुसऱ्यांदा वाजणार नाही. खर्ज, मध्य, तार, तिन्हीकडे चार-चार पट्ट्या तपासा. दहाची नाणी वापरू नका, ती पट्टीपेक्षा रुंद असल्याने शेजारच्या पट्टीवर टेकतात आणि माप चुकतं.

८५ पट्ट्या निघाल्या तर तेवढ्यावरून नाकारू नका. वरच्या तीन सुरांची गरज पडेपर्यंत ती कॉलेजात असेल.

रिमझिम_पुणे

सगळ्यांचे आभार. आज टॉर्च, नाणी, सगळं घेऊन गेले. मालकांच्या आजींनी चहा दिला आणि "इतकं तर आम्ही मुलगी बघताना पाहिलं नव्हतं" म्हणाल्या.

पिंजरा नाही. खर्जाच्या तांब्याच्या तारा तिरप्या जातात. फ्रेम अखंड, वरपर्यंत, तडा दिसला नाही. ८५ पट्ट्या. ए ४२८ दाखवतो, बाकी सप्तकांत ४० ते ५० सेंट खाली. पार कोसळलेले सूर चार, सगळे मधल्या सप्तकाच्या जरा वर. खर्जाच्या शेवटच्या पाच-सहा तारा ठोकल्यासारख्या वाजतात, घुमत नाहीत. १४ नाण्यांत बहुतेक पट्ट्या गेल्या, दोन-तीन ठिकाणी १७ लागली. हॅमरवर चर आहेत पण उथळ. भुसा नाही. तो बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकून उभा आहे, मागे बुरशीचा वास येतो.

तारकस

एवढी चांगली नोंद सहसा मिळत नाही. ४२८ म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मं उतरलंय, आणि सगळीकडे सारखं. दुर्लक्ष. चार कोसळलेले सूर एकाच भागात आहेत, याचा अर्थ फळीला तिथे चीर असू शकते. आता ट्यूनरला प्रत्यक्ष बोलवा, पैसे देऊन, सौदा होण्याआधी. सांगायचं एवढंच : "ट्यून नको, त्या भागातल्या आणि इतरत्र मिळून २० पिना किल्लीने हलवून बघा." सैल पिना चार-सहाच असतील तर एक माप जाड पिना घालता येतात, किंवा फेवीक्विकच्या जातीचा पातळ गोंद मुळाशी सोडतात. हे ट्यूनरचं काम, तुम्ही हात लावू नका. २० पैकी सहा-सात सैल निघाल्या तर परत या.

४४० वर आणणं एका बैठकीत होत नाही. आधी ढोबळ ओढून घेतात, मग बारीक, आणि ताण वाढल्यावर फ्रेम नि साउंडबोर्ड सरकून महिन्याभरात परत उतरतं, तेव्हा पुन्हा एकदा. गंजलेली तार पिनेजवळच्या वळणावर तुटते. पोलादी तार लगेच मिळते, तांबं गुंडाळलेली खर्जाची मात्र माप देऊन बनवून घ्यावी लागते. तुमच्या त्या ठोकल्यासारख्या वाजणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांत गंज नि धूळ बसलीय. काढून, पिळून कधीकधी सुधारतात, नाहीतर बदला. दोन वेळचं ट्यूनिंग, पिना, तारा, वाहतूक यांचा आकडा ट्यूनरकडून लिहून घ्या, डिजिटलच्या किमतीतून वजा करा. जे उरेल तीच या पियानोची किंमत. ४५,००० नक्कीच नाही.

रंधा

ओल्या भिंतीमुळे मागच्या पट्ट्यांचा सरस सुटला असेल. साउंडबोर्डवर मुठीने हलकेच ठोका, कुठे पट्टी फडफडली तर ऐकू येईल.

घरी बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, खिडकीचं ऊन नको. पावसाळ्यात तळाशी हीटिंग रॉड किंवा २५ वॉटचा बल्ब लावायची जुनी पद्धत मुंबई-गोव्याला ठीक आहे. पुण्यात तो दसऱ्याला बंद करायचा, नाहीतर उन्हाळ्यात फळी तुम्हीच चिरवाल. आणि बल्ब नमदा-लाकडापासून वीतभर तरी लांब. आत २०० रुपयांचं आर्द्रतेचं घड्याळ टाका, ४० ते ६० मध्ये काटा राहिला की झालं.

चौथा_जिना

लिफ्टचं विसरा. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलो पेलते, त्यामुळे वजनाचा प्रश्न नाही. उभा पियानो २०० ते २५० किलोच असतो. पण लांबी दीड मीटरच्या आसपास, लिफ्टच्या डब्यात आडवा जात नाही. स्लॅबचीही भीती नको. राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला २०० किलो धरून काढतात आणि पियानोचं वजन खोलीभर विचारात घ्यायचं असतं. तुळई असलेल्या भिंतीशी ठेवा म्हणजे झालं.

अडतं ते जिन्याच्या लँडिंगवर. पियानोची लांबी नि खोली मोजा, त्या मापाचा पुठ्ठा कापा आणि दोघांनी धरून प्रत्येक लँडिंगवर फिरवून बघा. पुठ्ठा फिरला नाही तर पियानो रेलिंगवरून उचलून फिरवावा लागेल, त्याला सहा माणसं आणि पट्टे लागतात, आणि ती माणसं पियानो नेहमी हलवणारी हवीत. घरसामान हलवणारे हमाल तो पुढच्या दोन पायांवर घसटत नेतात, तिथेच पाय मोडतो. तिसऱ्या मजल्याला बाल्कनीतून घ्यायचा तर हायड्रा क्रेन बोलवा, ग्रिल काढावं लागेल, सोसायटीची परवानगी आधी. दोरांनी ओढू देऊ नका.

रिमझिम_पुणे

पुठ्ठा १४६ × ६२ कापला. पहिल्या दोन लँडिंगवर फिरला, तिसऱ्यावर शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकला अडकला, रॅक ते काढतील म्हणाले. ट्यूनर रविवारी मालकांकडे येतायत, २० पिना बघायला. आजींना किमतीचं काहीच बोललेले नाही अजून.

तारकस

बोलूच नका. रविवारी पिना मोजून होईपर्यंत टोकनही देऊ नका. आणि घरी आलाच तर तीन आठवडे ट्यूनरला हात लावू देऊ नका, आधी त्याला तुमच्या खोलीची हवा लागू दे.